खबर आणि बखर

ब्रह्मगिरीच्या पायथ्याशी, श्रावणातल्या एखाद्या सोमवारी, त्र्यंबकेश्वराच्या काळ्या पाषाणी देवळावरून पावसाचे पाणी निथळत असता आणि कुशावर्ताच्या पायऱ्यांवर स्नानार्थ्यांची दाटी झालेली असता, लंडनच्या एका वृत्तपत्राच्या परराष्ट्रखात्यात बसून साऱ्या पूर्वेचे जोखीमहिशेब मांडणाऱ्या एका इंग्रज गृहस्थाची आठवण कोणास होण्याचे कारण नाही. तथापि या क्षेत्राचा आणि लंडनचा संबंध वाटतो त्याहून जुना आहे, व तो सुखाचा नाही. नानासाहेब पेशव्यांनी ज्याच्या जीर्णोद्धारास १७५५ मध्ये आरंभ केला त्या या देवालयाच्या जामदारखान्यात, पुढे ‘नाशिकचा हिरा’ म्हणून जगाला ठाऊक झालेले एक अमोल रत्न होते. १८१८ साली पेशवाई बुडाली, त्याच वर्षीच्या एप्रिलात त्र्यंबकचा किल्ला कर्नल मॅक्डॉवेल याच्या फौजेच्या स्वाधीन झाला, आणि युद्धाच्या धामधुमीत कंपनी सरकारच्या हाती लागलेला हा हिरा समुद्र ओलांडून लंडनमधील रंडेल आणि ब्रिज या जवाहिऱ्यांच्या पेढीवर जाऊन पोहोचला. हिंदी कारागिराने त्याचे वजन राखून पैलू पाडले होते. विलायती कारागिरास वजनापेक्षा चकाकी प्रिय, म्हणून त्याने तो नव्याने घासला, आणि सुमारे ९० कॅरेटचा तो दगड ८० कॅरेटच्या आसपास येऊन ठेपला. पुढे १९४० साली हॅरी विन्स्टन या अमेरिकन जवाहिऱ्याने तो आणखी घासून ४३.३८ कॅरेटवर आणला. तेज वाढत गेले, आणि त्र्यंबकास होता तो हिरा निम्म्याहून अधिक नाहीसा झाला.

पेशवाई बुडाल्यास बरोबर शंभर वर्षे लोटल्यावर, १९१८ च्या सप्टेंबरात, महाराष्ट्रातून आणखी एक ऐवज लंडनला रवाना झाला. मात्र या खेपेस तो लुटीतला नव्हता, फिर्यादी होता. लोकमान्य बाळ गंगाधर टिळक हे वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी विलायतेस निघाले होते ते एका पुस्तकाविरुद्ध दाद मागण्याकरिता, आणि त्या पुस्तकाचा कर्ता म्हणजे आपला चरित्रनायक, सर इग्नेशियस व्हॅलेंटाईन चिरोल. या गृहस्थाने आपल्या लोकांच्या शब्दांना व कृतींना जे विलायती पैलू पाडले, त्यांत तेज किती आले आणि मूळचे वजन किती घटले, याचा हिशेब करणे हाच प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

प्रथम एका शब्दाचा विचार करू. आपल्या जुन्या इतिहासग्रंथांना आपण ‘बखर’ म्हणतो. आणि हा शब्द फारसी-अरबी ‘खबर’ या शब्दातील अक्षरांची अदलाबदल होऊन सिद्ध झाला असावा, असे एक प्रसिद्ध मत आहे. व्युत्पत्तिशास्त्राच्या कसोटीला ते पूर्णपणे उतरो वा न उतरो, त्यात एक मार्मिक सत्य दडलेले आहे. खबर आणि बखर यांचा ऐवज एकच, अक्षरेही तीच. फरक क्रमाचा आणि काळाचा. दरबारचा अखबारनवीस आज घडले ते आजच लिहून खलित्यात घालतो, आणि तेच वृत्त कालांतराने, पुरावे-प्रतिपुरावे यांच्या चाळणीतून उतरले म्हणजे बखरकाराच्या हाती इतिहासरूप पावते. चिरोल हे आयुष्यभर खबर लिहीत आले, आणि तिलाच बखर म्हणून छापीत आले. त्यांचे सामर्थ्य यात आहे, आणि त्यांची चूकही यातच आहे.

चिरोल यांचा जन्म २३ मे १८५२ रोजी झाला. वडील अलेक्झांडर चिरोल हे धर्मोपदेशक. घराण्याचे आडनाव फ्रेंच, आणि मुलाचे शिक्षणही बव्हंशी फ्रान्स व जर्मनी या देशांत झालेले. पॅरिस विद्यापीठाची पदवी घेऊन आलेला हा तरुण १८७२ मध्ये ब्रिटिश परराष्ट्रखात्यात कारकून म्हणून नोकरीस लागला. परंतु दप्तरातील कागद एका खणातून दुसऱ्या खणात ठेवण्यात त्याचे मन रमले नाही, आणि चार वर्षांनी त्याने ती नोकरी सोडली. त्यानंतरची पंधरा-सोळा वर्षे म्हणजे अखंड भ्रमंती. तुर्कस्तान, ग्रीस, इजिप्त, सीरिया हे प्रदेश त्याने पायाखाली घातले, ‘स्टँडर्ड’ या लंडनच्या पत्रास तेथून वृत्ते पाठविली, आणि त्या अनुभवांची पुस्तके केली. ग्रीक व तुर्क यांच्या सरहद्दीवरील प्रवासाचे त्याचे पुस्तक १८८१ मध्ये निघाले, आणि १८८२ साली इंग्रजांनी इजिप्त व्यापले न व्यापले तोच, म्हणजे १८८३ मध्ये, त्या प्रश्नावरील त्याचा ग्रंथ बाजारात आला. जेथे ताजी घटना घडे तेथे हा मनुष्य जाई, आणि घटनेची धूळ खाली बसण्याच्या आत तिचा इतिहास लिहून मोकळा होई.

१८९२ मध्ये ‘टाइम्स’ या विख्यात पत्राने त्यांना आपला बर्लिन येथील बातमीदार नेमले. त्या काळच्या ‘टाइम्स’चा बातमीदार म्हणजे आजच्या अर्थाने केवळ वार्ताहर नव्हे, परकी राजधानीत त्याची पत ब्रिटिश वकिलाच्या खालोखाल मानली जाई, आणि कैसरचे मंत्री त्याच्याशी सांभाळून बोलत. १८९६ च्या जानेवारीत कैसर विल्हेल्म याने ट्रान्सवालचा अध्यक्ष क्रूगर यास अभिनंदनाची तार पाठवून इंग्रजांचा रोष ओढवून घेतला, तेव्हा चिरोल बर्लिनमध्ये होते. जर्मनीविषयीचा जो अविश्वास पुढे त्यांच्या लेखणीत कायमचा मुरला, त्याचे मूळ याच वर्षांत आहे. मध्यंतरी ते चीन व जपान येथेही जाऊन आले, आणि १८९६ मध्ये अतिपूर्वेच्या प्रश्नावर त्यांनी ग्रंथ लिहिला. १८९९ च्या सुमारास सर डोनाल्ड मॅकेन्झी वॉलेस यांच्यानंतर ते ‘टाइम्स’च्या परराष्ट्रविभागाचे प्रमुख झाले आणि १९११ च्या अखेरीपर्यंत त्या गादीवर राहिले. कर्झन, हार्डिंग, स्प्रिंग-राइस अशा साम्राज्याच्या सूत्रधारांशी त्यांचा घरोबा होता. इंग्लंड व जपान यांचा तह व्हावा असे ते आग्रहाने प्रतिपादन करीत, आणि तसा तह १९०२ मध्ये झालाही.

येथे एका गोष्टीचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाता येत नाही. आपण आज मराठी वृत्तपत्रांत ‘मध्यपूर्व’ हा शब्द इतक्या सहजतेने वाचतो, की तो भूगोलातूनच उगवला असावा असे वाटावे. वस्तुतः कोणाच्या मध्ये आणि कोणाच्या पूर्वेस, हा प्रश्न त्र्यंबकेश्वरी उभे राहून विचारला तर उत्तर मिळत नाही, कारण आपल्या दृष्टीने इराण आणि अरबस्थान पश्चिमेस आहेत. आल्फ्रेड थेयर महान या अमेरिकन आरमारी पंडिताने १९०२ मध्ये इराणी आखाताच्या संदर्भात हा शब्द वापरला, आणि चिरोल यांनी तो उचलून ‘टाइम्स’मधील लेखमालेच्या मथळ्यावर चढविला. १९०३ मध्ये ते लेख पुस्तकरूपाने निघाले, आणि त्या पुस्तकाचे उपशीर्षकच हिंदुस्थानच्या संरक्षणाचे काही राजकीय प्रश्न असे होते. लंडनच्या खुर्चीवरून दिसलेली दिशा जगाच्या नकाशावर अशी कायमची छापली गेली, आणि जे पश्चिमेस आहे त्याला आपणही पूर्व म्हणू लागलो. शब्दाला चलन मिळवून देण्याची चिरोल यांची ही शक्ती ध्यानात ठेवावी. पुढे तिचाच प्रत्यय महाराष्ट्रास यावयाचा होता.

आता त्या घटनेकडे येऊ, जिच्यामुळे चिरोल यांच्या लेखनात नाशिकास स्थान मिळाले. १९०९ च्या जूनमध्ये क्रांतिकारक बाबाराव सावरकर यांना कविता छापल्याच्या आरोपावरून जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. त्यांचा खटला सेशन कोर्टाकडे पाठविणारे नाशिकचे कलेक्टर आर्थर मेसन टिपेट्स जॅक्सन हे होते. जॅक्सन हा अधिकारी सामान्य नव्हता. संस्कृताचा व्यासंगी म्हणून लोक त्यास ‘पंडित जॅक्सन’ म्हणत. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी अर्धवट टाकलेला गुजरातचा प्राचीन इतिहास मुंबई गॅझेटियरकरिता पुरा करण्यात त्याचा हात होता, आणि त्याने जमविलेली लोकाचारांची टिपणे त्याच्या मृत्यूनंतर एन्थोव्हेन यांनी प्रसिद्ध केली. नाशिकहून बदली झाल्यामुळे त्याच्या निरोपादाखल २१ डिसेंबर १९०९ च्या रात्री विजयानंद नाट्यगृहात ‘संगीत शारदा’ या नाटकाचा प्रयोग ठेवला होता. त्या नाट्यगृहात अनंत लक्ष्मण कान्हेरे या जेमतेम अठरा वर्षांच्या तरुणाने त्याच्यावर गोळ्या झाडल्या. कान्हेरे, कृष्णाजी गोपाळ कर्वे आणि विनायक नारायण देशपांडे या तिघांना १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आले.

ज्याने या देशाची भाषा व रीतिरिवाज मायेने अभ्यासिले अशा अधिकाऱ्याचा वध व्हावा, ही गोष्ट चिरोल यांच्यासारख्या इंग्रजास केवळ दुःखद नव्हे तर अनाकलनीय वाटली. आपल्याकडील तरुणाच्या दृष्टीने जॅक्सन हा पंडित नव्हता; बाबारावांना काळ्या पाण्यावर धाडणाऱ्या सत्तेची ती मुद्रा होती. एकच मनुष्य एका बाजूने पाहिला तर विद्वान आणि दुसऱ्या बाजूने पाहिला तर जुलमाचा हस्तक दिसावा, ही परवशतेतील खरी शोकांतिका आहे. परंतु ती समजण्यासाठी दोन्ही बाजूंना जाऊन उभे राहावे लागते. चिरोल एकाच बाजूस उभे राहिले.

१९१० मध्ये त्यांनी हिंदुस्थानातील असंतोषावर ‘टाइम्स’मध्ये लेखमाला लिहिली, व त्याच वर्षी मॅक्मिलन कंपनीने तिची सुधारून वाढविलेली आवृत्ती ‘इंडियन अनरेस्ट’ या नावाने पुस्तकरूपात काढली. सर आल्फ्रेड लायल यांची प्रस्तावना आणि भारतमंत्री लॉर्ड मोर्ले यांना अर्पण, एवढ्यावरूनच या ग्रंथाची सरकारदरबारी बसलेली बैठक कळून येते. ग्रंथ उथळ नाही, हे न्यायबुद्धीने सांगितले पाहिजे. शिक्षणपद्धतीचे दोष, अस्पृश्य मानलेल्या वर्गांची स्थिती, संस्थानिक, हिंदुस्थान व इंग्लंड यांमधील आर्थिक व्यवहार, वसाहतींत हिंदी लोकांस मिळणारी वागणूक, अशा अनेक विषयांचा त्यात साक्षेपाने परामर्श घेतलेला आहे, आणि काही ठिकाणी आपल्या देशबांधवांस चार कडू बोल सुनावण्यासही लेखक कचरत नाही. पण ग्रंथाचा कणा वेगळा आहे. असंतोष हा दारिद्र्यातून वा अन्यायातून उपजलेला नसून, इंग्रजी विद्येमुळे आपले वर्चस्व ढळेल या भीतीने ब्राह्मणवर्गाने, विशेषतः पेशवाई गमावलेल्या चित्पावनांनी, तो चेतविला आहे, असा त्यांचा मुख्य सिद्धान्त. आणि या साऱ्याच्या मुळाशी कोणी एक पुरुष दाखवावयाचा असेल तर तो टिळक, असे सांगून त्यांनी लोकमान्यांना ‘हिंदी असंतोषाचे जनक’ हे नाव दिले. नाशिकचा खून हा त्या सिद्धान्ताचा त्यांच्या मते बिनतोड दाखला होता. आरोपीच्या जबानीत वृत्तपत्रवाचनाचा निर्देश आला होता. चिरोल यांनी त्या धाग्यावरून थेट टिळकांच्या केसरी पत्राच्या कचेरीपर्यंत दोरी ताणली.

आता ही दोरी कोठे तुटते ते पाहावे. जॅक्सनचा वध झाला त्या रात्री टिळक मंडालेच्या तुरुंगात होते. २२ जुलै १९०८ रोजी त्यांना सहा वर्षांची शिक्षा ठोठावली गेली होती, आणि नाशिकच्या घटनेच्या वेळी ती भोगीत त्यांना जवळजवळ दीड वर्ष होत आले होते. चिरोल यांचे म्हणणे असे की मनुष्य कोठडीत असला तरी त्याची शिकवण बाहेर मोकळी असते. युक्तिवाद चतुर आहे. परंतु वृत्तपत्रकाराने संशय व्यक्त करणे वेगळे आणि इतिहासकाराने कार्यकारणभाव सिद्ध करणे वेगळे. दुसऱ्याकरिता लागणारा वेळ आणि विरुद्ध पक्षाची कैफियत, ही दोन्ही चिरोल यांच्यापाशी नव्हती.

मंडालेहून १९१४ च्या जूनमध्ये सुटून आल्यावर टिळकांनी या पुस्तकाची दखल घेतली, आणि १९१५ मध्ये चिरोल व मॅक्मिलन कंपनी यांच्यावर इंग्लंडातील न्यायासनापुढे बदनामीचा दावा गुदरला. आक्षेपार्ह विधानांचे मुद्दे सहा: गोरक्षणाची चळवळ, तालमींचे संघ, धाकदपटशाने पैसा जमविल्याचा आरोप, ताईमहाराजांच्या दत्तकाचे प्रकरण, पुण्यातील प्लेगाधिकारी रँडचा खून आणि नाशिकच्या जॅक्सनचा खून. यांपैकी ताईमहाराज प्रकरणात मुंबई हायकोर्टाचा निकाल टिळकांच्या विरुद्ध गेला होता. परंतु १९१५ च्या मार्चमध्ये प्रिव्ही कौन्सिलने तो फिरवून टिळकांचे म्हणणे मान्य केले. खबरीवर घाईने बखरीचा शिक्का मारला म्हणजे काय होते याचे याहून बोलके उदाहरण मिळणे कठीण.

महायुद्ध आणि हिंदुस्थानातील साक्षीपुरावा यांमुळे सुनावणी लांबत गेली. दाव्याच्या आधीच, १९१२ मध्ये ‘सर’ झालेले चिरोल हे हिंदुस्थानातील सरकारी नोकऱ्यांविषयीच्या शाही आयोगावर नेमले गेले होते, आणि त्याच आयोगावर गोपाळ कृष्ण गोखले व महादेव भास्कर चौबळ हे दोन महाराष्ट्रीय त्यांचे सहकारी होते. दक्षिणी ब्राह्मण म्हणजे राजद्रोहाचे बीज, असे लिहिणारा लेखक दोन दक्षिणी ब्राह्मणांच्या शेजारी बसून साक्षी नोंदवितो, ही घटना त्याच्या स्वतःच्या सिद्धान्तावरील उत्तम टीका म्हणावी लागेल. गोखल्यांविषयी चिरोल यांना आदर होता. पण आवडता मनुष्य भेटला की तो अपवाद, आणि नावडता भेटला की तो नियम, ही मनुष्यस्वभावाची जुनीच वहिवाट आहे.

१९१८ च्या वसंतात टिळकांच्या होमरूल शिष्टमंडळास सरकारने कोलंबोहून परत फिरविले, परंतु खटल्याकरिता टिळकांना विलायतेचा परवाना मिळाला, आणि २४ सप्टेंबर रोजी ते मुंबईहून निघाले. त्या वर्षीच्या दिल्ली काँग्रेसचे अध्यक्षपद त्यांना देऊ केलेले होते. ते सोडून त्यांनी कोर्टाची पायरी पत्करली. लंडनला पोहोचेपर्यंत युद्ध संपत आले होते आणि विजयाचा कैफ वातावरणात चढत होता. २९ जानेवारी १९१९ रोजी न्यायमूर्ती डार्लिंग आणि खास ज्युरी यांच्यासमोर सुनावणी सुरू झाली. टिळकांचे वकीलपत्र सर जॉन सायमन यांच्याकडे होते. चिरोल यांच्या बाजूने सर एडवर्ड कार्सन, ज्यांच्या उलटतपासणीने १८९५ मध्ये ऑस्कर वाइल्ड याच्यासारखा वाक्पटू साहित्यिक नामोहरम झाला होता.

बदनामीच्या दाव्याचे इंग्रजी कायद्यातील स्वरूप येथे थोडे समजून घेतले पाहिजे. आपले विधान खरे आहे असे प्रतिवादीने सिद्ध केले की दावा संपतो. पण त्याखेरीज फिर्यादीपाशी धक्का बसण्याजोगा लौकिक प्रत्यक्षात शिल्लक होता काय, हाही प्रश्न ज्युरीपुढे आपोआप उभा राहतो. कार्सन यांनी नेमका हाच धागा उचलला. जो मनुष्य राजद्रोहाबद्दल १८९७ मध्ये दीड वर्षाची आणि १९०८ मध्ये सहा वर्षांची शिक्षा पावला, त्याची अब्रू एका पुस्तकाने काय कमी होणार, असा त्यांचा रोख राहिला, आणि पाहता पाहता पुस्तकाची चौकशी बाजूस पडून फिर्यादीचीच चौकशी सुरू झाली. मुंबई सरकारने आपल्या दप्तरातील कागदपत्रे चिरोल यांच्या मदतीस दिली होती. केसरीतील लेख भाषांतररूपाने वाचले जात होते. ज्या मराठीत उपरोध आणि उपदेश, दृष्टान्त आणि आदेश यांतील भेद केवळ एका अव्ययाने उमटतो, ती मराठी इंग्रजी ज्युरीच्या कानी पडताना तिचे पैलू कोणत्या कारागिराने पाडले असतील, याची कल्पनाच केलेली बरी. २१ फेब्रुवारी रोजी निकाल चिरोल यांच्या बाजूने लागला, आणि दाव्याचा खर्च टिळकांच्या शिरी बसला. या प्रकरणापायी त्यांना एकूण सुमारे तीन लाख रुपयांची तोशीस लागली, आणि महाराष्ट्राने वर्गणी करून तो भार उचलला.

न्यायासनापुढे चिरोल जिंकले. परंतु निकालानंतर जे घडले ते त्यांच्या हिशेबात नव्हते. टिळक खचले नाहीत. नोव्हेंबरपर्यंत ते विलायतेत राहिले, मजूर पक्षाच्या पुढाऱ्यांशी त्यांनी संधान बांधले, नव्या सुधारणाविषयक विधेयकासंबंधी पार्लमेंटच्या समितीपुढे साक्ष दिली, आणि ज्या राजधानीत त्यांची अब्रू नाकारली गेली तीतच स्वराज्याची बाजू मांडून ते परतले. त्यांचे वकील सायमन हे १९२८ मध्ये त्यांच्याच नावाच्या आयोगाचे अध्यक्ष म्हणून मुंबईच्या बंदरात उतरले, तेव्हा ‘परत जा’ असे लिहिलेली काळी निशाणे त्यांना पाहावी लागली. चिरोल यांनीही पुढे लिहिणे थांबविले नाही. १९२० मध्ये इजिप्तवर, १९२१ मध्ये जुन्या व नव्या हिंदुस्थानवर, १९२६ मध्ये पुन्हा हिंदुस्थानवर, आणि १९२७ मध्ये आत्मवृत्तपर असा त्यांचा ग्रंथ निघाला. मॉन्टेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांचे त्यांनी स्वागत केले. म्हणजे ज्या मागणीच्या जनकास त्यांनी दोषी ठरविले, त्या मागणीचा एक अंश तरी त्यांना अखेरीस न्याय्य वाटू लागला होता. शेवटच्या पुस्तकात तरुणपणी पूर्वेकडे हिंडताना काढलेली आपली जलरंगी चित्रे त्यांनी छापली. जी दृश्ये कुंचल्याने पाहिली ती निवांतपणे पाहिलेली होती. ते पुस्तक १९२९ मध्ये बाहेर पडले, आणि त्याच वर्षी २२ ऑक्टोबर रोजी लंडन येथे त्यांचे देहावसान झाले. ते अविवाहित होते.

चिरोल यांच्या विद्वत्तेविषयी वा प्रामाणिकपणाविषयी शंका घेण्याचे कारण नाही. जे त्यांनी लिहिले ते त्यांना खरे वाटले म्हणूनच लिहिले. दोष होता तो ऐकण्याच्या जागेचा. त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या घरी यजमानांच्या वंशावळीच्या वह्या पिढ्यान्‌पिढ्या जपून ठेवलेल्या असतात. यात्रेकरू आला म्हणजे उपाध्ये त्याचे गाव व कूळ विचारून त्याच्या आज्या-पणज्याची नोंद काढतात, आणि तो आपल्या मुलाबाळांची नावे सांगून खाली आपल्या हाताने सही करतो. ही नोंद म्हणजे इतिहास नव्हे. पण इतिहासाला लागणारी एक मूलभूत सभ्यता तिच्यात आहे. ज्याच्याविषयी लिहावयाचे तो समोर बसलेला असतो, आणि लिहिलेले त्याला मान्य असल्याची खूण कागदावर उरते. चिरोल यांच्या ग्रंथात हिंदुस्थानाविषयी बोलणारे पुष्कळ आहेत. अधिकारी आहेत, अहवाल आहेत, खटल्यांचे कागद आहेत. मंडालेच्या कोठडीतील मनुष्याची सही तेवढी कोठेही नाही.

उलटपक्षी याच काळात पुण्यात खबर आणि बखर या दोन्ही व्यवसायांत सारखेच मुरलेले गृहस्थ आपले काम करीत होते. केसरीचे संपादक नरसिंह चिंतामण केळकर यांनी पेशवाई बुडाल्यास शंभर वर्षे झाली त्या निमित्ताने, म्हणजे टिळक ज्या वर्षी विलायतेस निघाले त्याच १९१८ साली, ‘मराठे व इंग्रज’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. आपले राज्य कसे गेले याचा शोध घेताना त्यांना शतकभर थांबण्याची सवड मिळाली होती, आणि पुढे टिळकांचे विस्तृत चरित्रही त्यांनीच लिहिले. ‘टाइम्स’च्या संपादकीय कचेरीतून लिहिलेला इतिहास आणि केसरीवाड्यातून लिहिलेला इतिहास, या दोहोंतही पक्षपात असू शकेल, परंतु आता निदान दोन बखरी समोरासमोर उभ्या आहेत, आणि वाचकास दोन्ही बाजूंचे पैलू ताडून पाहता येतात.

चिरोल यांनी ‘मध्यपूर्व’ हा शब्द जगात रूढ केला, तो जसाच्या तसा टिकला. ‘असंतोषाचे जनक’ हा त्यांचा दुसरा शब्दप्रयोगही टिकला. पण तो घेताना महाराष्ट्राने त्यातील एकही अक्षर न बदलता त्याचे तोंड फिरविले. आजही टिळकांच्या पुण्यतिथीस, १ ऑगस्टच्या सकाळी, बाहेर पाऊस कोसळत असताना, त्र्यंबकच्या एखाद्या शाळेत पाठ केलेले भाषण म्हणावयास उभा राहिलेला मुलगा गुरुजींकडे पाहत पहिल्याच वाक्यात ‘भारतीय असंतोषाचे जनक’ असे ठणकावून म्हणतो, आणि टाळ्या पडतात. हे शब्द कोणी लिहिले, कोणत्या हेतूने लिहिले, हे त्या मुलास ठाऊक नसते. खबर लिहिणाऱ्या साहेबाचे नाव त्याच्या पाठांतरात नाही.